अर्थासकट नाव

“नाव सांगा. नुस्तं नगं, अर्थासकट सांगा!”

नागफणीच्या कड्यावर अडकलेल्या माणसापाशी दोरावरून पोचलं की आबांचं हे पहिलं वाक्य. धीर वगैरे देणं नाही, थेट नाव. सेल्फीच्या नादात घसरलेला पर्यटक लटपटतोय आणि कुरवंड्याचा हा म्हातारा शेतकरी बारशाला आल्यासारखी चौकशी करतोय! एका मुलीने रडत रडत ‘मृण्मयी’ सांगितलं.

“म्हंजी?”

“मातीची.”

“मंग मातीला कशापायी भितीस?” असं म्हणेपर्यंत तिच्या कमरेला दोर बांधून झाला होता.

माझं लोणावळ्यात औषधांचं दुकान आहे, पण बचाव पथकाचा फोन आला की मी शटर ओढतो. आबांना एकदा विचारलंच, की हे काय खूळ? म्हणाले, “अर्थ आठवाया लागला की मानूस खाली बघत न्हाई.”

“आणि तुमच्या नावाचा अर्थ?”

“आज्ज्याचं नाव हाय. अर्थ त्योच घिऊन गेला.”

मग तो ग्रीक आला. एकटाच चढायला गेला आणि कपारीत कोसळला. मांडी मोडलेली, रक्त वाहिलेलं, डोळे मिटत चाललेले. स्ट्रेचर वरून यायला वेळ लागणार होता. मी रक्त थांबवत होतो आणि खरं सांगतो, मला वाटलं हा जातोय.

“इचार नाव,” आबा म्हणाले.

“आबा, ही वेळ आहे का?”

“इचार म्हन्तो न्हवं!”

मी इंग्रजीत विचारलं. ओठ हलले. ग्रिगोरिस. अर्थ? मी पुन्हा विचारलं. मग तुटक तुटक आलं: जुन्या ग्रीकमधला शब्द, जागा असलेला, पहाऱ्यावरचा. आजोबांचं नाव. त्यांच्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात.

आबा एकदम खूश. “आरं, आमच्यावानीच की! मंग झोपतोस कसा? आज्ज्याचं नाव बुडिवतोस?”

‘नाव बुडवणं’ इंग्रजीत कसं सांगायचं? मी म्हटलं, आजोबा बघतायत. तो किंचित हसला आणि डोळे उघडले. पुन्हा मिटायला लागले, की आबा ओरडायचे, “ग्रिगोरी!” वरची पोरंही तेच ओरडायला लागली. सगळी दरी त्या नावाने दणाणली. स्ट्रेचर आलं तेव्हा आबांचा घसा पार बसला होता आणि तो जागा होता. पुढे वाचलाही.

यंदा भातलावणीत आबा बांधावर छाती धरून बसले. तळेगावच्या रुग्णालयात नेताना रुग्णवाहिकेत मी शेजारी होतो. आबांचा हात गार पडत होता. या माणसावर माझा किती जीव आहे, ते तेव्हा कळलं. मी विचारलं, “आबा, नाव सांगा. अर्थासकट.”

त्यांनी डोळे उघडले. “अर्थ... म्हाईत न्हाई रं.”

“मग झोपायचं नाही!”

त्यांनी माझं बोट घट्ट धरलं. कार्ला गेलं. डोळे मिटू लागले, तसा मी ओरडलो, “ग्रिगोरी!” डोळे उघडले. पुन्हा ओरडलो, पुन्हा उघडले. कामशेतच्या पुढे बोटावरची पकड सुटली.

चालकाने आरशातून पाहिलं आणि हळूच म्हणाला, “दादा, पुरे आता.”

मी तळेगाव येईपर्यंत हाका मारत होतो.