आत्याचा घण

आत्याचा हात किती जड आहे, हे सगळ्यांत आधी कळलं ते लष्करी रुग्णालयाच्या एका पहारेकऱ्याला. तेव्हा ती कुणाची आत्या नव्हती. वडिलांच्या आवारात मोडक्या गाड्या तोडणारी, नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन हिंडणारी दांडगी मुलगी होती. तिचा धाकटा भाऊ पोटात लोखंडाचे तुकडे घेऊन सीमेवरून परतला होता, आणि आई त्याच्या वॉर्डाबाहेर व्हरांड्यात चादर पसरून झोपत होती. एका संध्याकाळी पहारेकऱ्याने ती चादर बुटाने सरकवली, आई अजून तिच्यावर बसलेली असताना.

"ए म्हातारे, ही काय धर्मशाळा आहे?"

मुलीच्या हातात जेवणाचा डबा होता. तो तिने असा हाणला, की पहारेकऱ्याच्या नाकाचं हाड मोडल्याचा आवाज व्हरांड्याच्या त्या टोकाला गेला. भिंतीवर रक्त उडालं आणि त्याच्यावर भात चिकटला.

व्हायचं तेच झालं. मायलेकींना फाटक बंद. आई गावात खोली शोधायला गेली. कुणी भाडं फार सांगे, कुणी पेशंट सैनिक आहे म्हटल्यावर दारच लावून घेई. ती असे जिने चढत-उतरत असतानाच भाऊ गेला. उशाशी कुणी नव्हतं. आईने त्यानंतर कधी लेकीला एका शब्दाने दोष दिला नाही. देती तर बरं झालं असतं.

"मला पोरं झाली ना ताई, की तुला नुसतं बघून अभ्यासाला बसतील," असं भाऊ हसून म्हणायचा. पोरं व्हायची राहिली. पण पुढे रुग्णालयाच्या भिंतीला टेकून, बाकाखाली, पाण्याच्या टाकीमागे झोपलेले नातेवाईक हेरून ती त्यांना घरी नेऊ लागली, आणि कुणी नाव विचारलं की म्हणायची, "मी आत्या." तेच नाव पडलं.

घर पुरेना, तेव्हा तिने रुग्णालयाच्या मागच्या भिंतीला लागून असलेलं एक बंद गोदाम घेतलं, आडव्या भिंती घातल्या आणि त्याला 'मुक्काम' म्हणू लागली. आतल्या पेशंटच्या माणसांनी यावं, झोपावं, रांधावं, रडावं. पैसे घ्यायचे नाहीत. मदतीला पहिला आला तो तोच पहारेकरी, निवृत्त झालेला. नाक डावीकडे वळलेलं.

"काय पाहिजे?" आत्याने दारातच अडवलं.

"काम. फुकटचं."

"नाकाचं कसं आहे?"

"वास येत नाही. संडास धुवायला बरं पडेल."

आत्या दारातून बाजूला झाली. तेव्हापासून तो वाकडनाक्या. त्याच्या तोंडावर म्हणा, पाठीमागे म्हणा, त्याला चालायचं.

मुक्काम चालवायचा तर पैसा लागतो. सभ्य उपाय आत्याने सगळे करून पाहिले. पत्रकं वाटली, गाण्याचा कार्यक्रम ठेवला. गाणारे जास्त आणि ऐकणारे कमी. मग तिला तिच्या धंद्यातलंच सुचलं. वर्षातून एकदा एक मोडकी गाडी मैदानात उभी करायची. डब्यात पैसे टाका, घण उचला, गाडीला हाणा. अट एकच: आधी आपला राग मोठ्याने बोलायचा, मग घाव घालायचा. गाणं ऐकायला न आलेला सारा गाव याला लोटला. माणसाच्या पोटात किती मार साठलेला असतो, हे त्या गाडीकडे बघून कळायचं.

आत्याची एक पद्धत होती. आदल्या दिवशी ती गाडीतलं पेट्रोल काढी, बॅटरी काढी, खिडक्यांच्या काचा उतरवी, कुणाला खरचटू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बघे. चाकांत मात्र हवा ठेवायची. "बसलेल्याला काय मारायचं?" ती म्हणे. "गाडी ताठ उभी पाहिजे. उभ्याला हाणण्यात मजा आहे."

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी मुक्कामाच्या माडीला छप्पर घालायचं होतं. खाली जागा उरली नव्हती. एक तरुण बाई तर गाद्यांच्या कोठीत झोपत होती. तिचा नवरा आत होता. हातपाय धड होते त्याचे, पण स्फोटात बरोबरची माणसं गेल्यापासून तो बोलत नव्हता. दोनदा झोपेतून उठून त्याने मदतनिसांना मारलं होतं. एकाचे दात पडले होते. डॉक्टरीणबाई त्याच्या बायकोला म्हणाल्या होत्या, "आणखी एकदा असं झालं तर मला त्याला बंद दवाखान्यात पाठवावं लागेल. तो लांब आहे, आणि तिथे नातेवाइकांना राहता येत नाही." त्या दिवसापासून त्या बाईचा जीव टांगणीला लागला होता. ती रोज दुपारी त्याला मुक्कामाच्या अंगणात आणून बाकावर बसवायची आणि स्वतः त्याच्या हातावर हात ठेवून बसायची, जणू ते पाखरू उडून जाईल.

मैदान त्या वर्षी खणून ठेवलेलं, म्हणून खेळ अंगणातच करायचा ठरला. वाकडनाक्या कचरला.

"आवाज होईल, आत्या. तो पोरगा..."

"रोज शेजारच्या आवारात मी गाड्यांचे पत्रे ठोकते, तेव्हा तो डुलक्या घेतो. डॉक्टरीणबाईंनाही विचारलंय. घणाचा आवाज त्याला चालतो म्हणाल्या."

ते खरंच होतं. घणाचा विचार सगळ्यांनी केला होता.

यंदा आत्याने मोठं जनावर आणलं होतं: माल वाहणारी जुनी व्हॅन, चाकं कमरेएवढी. दुपारपर्यंत अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. एक कारकून पुढे आला. "हा आमच्या साहेबांना!" म्हणून त्याने डोळे मिटून घाव घातला तो आरशावर. मागून साहेबांचाच आवाज आला, "जरा खाली, जरा खाली. आमचं पोट तिथे असतं." एका सुनेने "हा सासूबाईंना!" म्हणून दार चेपलं. सासूबाई रांगेतच होत्या. "झालं तुझं? सरक. मी सुट्टे पैसे घेऊन आलेय."

मग मुक्कामात उतरलेला एक बाप आला. त्याच्या मुलाचा पाय त्याच सकाळी कापला होता. तो राग बोलला नाही. आत्याने नियमाचा विषय काढला नाही. तो मारत राहिला. बॉनेट आत गेलं, दिवे गेले, हाताची सालं निघून दांडा लाल झाला तरी मारत राहिला. शेवटी वाकडनाक्याने त्याला मागून मिठी मारून थांबवलं. त्यानंतर हसणं कमी झालं. रांगेतली माणसं दात आवळून घाव घालू लागली. पत्रा फाटत होता आणि प्रत्येक घावाला गर्दीतून "आणखी! आणखी!" असा घोगरा गजर उठत होता.

बेकरीवाल्याची पाळी आली. अंगाने आडवा, स्वभावाने गरीब. "घणाने सगळ्यांनीच मारलंय," तो म्हणाला आणि भिंतीशी ठेवलेली पहार उचलली. "हा माझ्या भावाला, ज्याने घर बळकावलं!" आत्या व्हॅनच्या पुढ्यात उभी होती. तिला पहारेचं टोक कुठे चाललंय ते दिसलं, तोंड उघडलं, पण उशीर झाला होता. पहार मागच्या चाकात घुसली.

टायर फुटला. आवाज बंदुकीसारखा नाही, त्याहून मोठा.

बाकावरून तो तरुण कधी उठला, कुणाला दिसलं नाही. त्याचा खांदा आत्याच्या छातीवर आदळला आणि ती दगडी फरशीवर उताणी पडली. गळ्याजवळचं हाड मोडलं. ते तिला कानाने कळलं. तो सगळ्या अंगाने तिच्यावर पडला.

"आत्याला मारतोय!" कुणीतरी किंचाळलं.

मग गर्दी त्याच्यावर तुटून पडली. इतका वेळ व्हॅनला मारणारेच हात होते. कुणी बरगडीत लाथ घातली, कुणी केस धरून मुंडकं मागे ओढलं, कारकुनाने घणाच्या दांड्याने पाठीत हाणलं. "सोड तिला! सोड!" त्याची बायको मधे घुसली, ढकलली गेली, पुन्हा उठली. तिने पडलेला दुसरा घण दोन्ही हातांनी खेचला. उचलेना, तेव्हा जमिनीलगत फिरवला. तो बेकरीवाल्याच्या नडगीवर बसला आणि तो ओरडत कोसळला.

"हात लावाल तर एकेकाचे पाय मोडीन!" ती म्हणत होती, आणि रडत होती.

खाली आत्याला श्वास नव्हता. ओरडायचं होतं, आवाज फुटेना. पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. एवढी जोरात ती दगडावर पडली, तरी डोकं आपटलं नव्हतं. डोक्याखाली काहीतरी ऊबदार, मऊ होतं. त्याचा तळहात होता तो. वरून लाथ बसली की त्याची बोटं तिच्या केसांत आवळत, पण हात जागचा हलत नव्हता. कानाशी तो कुजबुजला, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा: "हलू नका. डोकं खाली ठेवा. मी आहे."

इतक्यात आणखी एक वजन वर पडलं. वाकडनाक्याने स्वतःला त्या तरुणाच्या पाठीवर झोकून दिलं होतं. कुणाचं तरी कोपर त्याच्या तोंडावर बसलं आणि नाक दुसऱ्यांदा मोडलं. त्याचं रक्त तिघांवर ठिबकलं. त्यामुळे म्हणा, मार क्षणभर थांबला, आणि आत्याला श्वास मिळाला.

"हात मागे!" अंगणातल्या भिंतींना कापरं भरेल असा आवाज होता तो. "मारत नाहीये तो. झाकतोय मला!"

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत आत्या हात गळ्यातल्या झोळीत अडकवून बसली. दाराशी त्या तरुणाची बायको उभी होती.

"हे तिसऱ्यांदा झालं, आत्या," डॉक्टरीणबाई थकून म्हणाल्या. "तुमचं हाड त्यानेच मोडलं ना?"

"त्यानेच. खोटं कशाला बोलू?"

दारातल्या बाईने चौकट घट्ट धरली.

"पण टायर फुटला तो माझ्यामुळे. हवा मी ठेवली होती, मजा यावी म्हणून. त्याचा हात पाहिलात?"

"मीच बांधला." डॉक्टरीणबाई थांबल्या. "मागच्या बाजूची कातडी गेलीय, खडे रुतलेत. मला वाटलं, गर्दीने ओढताना झालं असेल."

"तो हात माझ्या डोक्याखाली होता. तुम्ही सगळे म्हणता त्याने हल्ला केला. डॉक्टरीणबाई, मी हल्ले केलेत. त्या वाकडनाक्याला विचारा. हल्ला करताना कुणी समोरच्याच्या डोक्याखाली हात ठेवत नाही. आणि बोलला तो. 'मी आहे' म्हणाला."

"बोलला?" डॉक्टरीणबाई उठून उभ्याच राहिल्या.

त्या खिडकीशी गेल्या. मग म्हणाल्या, "राहू दे त्याला इथेच. पण तुमचा तो खेळ या भिंतीजवळ पुन्हा व्हायचा नाही. आणि या हाताने तुम्हाला घणही उचलता यायचा नाही."

आत्याचं निम्मं आयुष्य त्या घणात होतं, आणि छपराचा सगळा पैसाही. "नाही व्हायचा," ती म्हणाली. तेवढंच. दारातली बाई चौकटीतच मटकन खाली बसली.

दुसऱ्या दिवशी व्हॅन एका कुशीवर कलून अंगणात उभी होती. बेकरीवाला लंगडत येऊन खाली मान घालून गेला होता. जाताना माडीसाठी पत्रे आणून टाकतो म्हणाला. आत्या एका हाताने उरलेल्या चाकांतली हवा सोडायला बसली. नवरा-बायको बाकावर होते. प्रत्येक चाकाआधी ती हाक मारी, "हवा सोडते रे," आणि तो मान हलवी. फुस्स आवाज होई, व्हॅन थोडी आणखी बसे.

शेवटच्या चाकाशी तो उठून आला. पट्टी बांधलेला हात सांभाळत उकिडवा बसला.

"मी सोडू?"

"सोड. पण आधी राग बोलायचा. नियम आहे."

त्याने चांगला हात चाकावर टेकला. बायको बाकावरून पुढे वाकून बघत होती.

"आत्या," तो म्हणाला, "तुमचं डोकं फार जड आहे हो."

आत्या हसली, आणि मोडलेल्या हाडातून अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. चाकातली हवा जाईपर्यंत ती तशीच हसत, कळवळत बसली.