ब्रेक

परीक्षा विभागातल्या माझ्या खिडकीतून समोरच्या कडुलिंबाचा पार दिसतो. आज सकाळपासून तिथे कदमताई बसल्या आहेत. मांडीवर पर्स, अंगावर इस्त्रीची साडी. एरवी त्या माझ्या शेजारच्या टेबलावर असतात. कंत्राट संपलं की साहेबांच्या सहीची नवी ऑर्डर निघेपर्यंत आत यायचं नाही. विद्यापीठात याला ‘ब्रेक’ म्हणतात. मी इंग्रजी माध्यमातली. हा शब्द इथे पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं, बरं झालं, तेवढाच आराम. बोलले नाही म्हणून वाचले.

या खेपेला सगळ्यांच्या ऑर्डरी निघणार नाहीत, अशी कुजबुज आहे. ताण प्रत्येकात वेगळा उतरतो. पलीकडच्या टेबलावरचे जाधव शिपायांवर खेकसतात. मी तपासलेल्या याद्याच पुन्हा तपासत बसते. कदमताई अधिकच नीटनेटक्या होतात.

दुपारी जाधवांनी खिडकीतूनच हाक मारली, “ओ ताई, फेरतपासणीचे गठ्ठे कुठे ठेवलेत?”

“कपाटामागे. सुतळी कुजलीय, सांभाळून उचला!”

“मजा आहे बुवा तुमची. झाडाखाली हवा खाताय!”

त्या हसल्या, आणि लगेच पदराने तोंड पुसलं. त्यांच्यावाचून आमचं अडत होतं. तेवढ्याने कुणाला आत घेत नाहीत.

संध्याकाळी साहेब पायऱ्या उतरले. ताई झटकन उभ्या राहिल्या.

“काय कदम, बऱ्या आहात ना?” साहेब म्हणाले आणि गाडीत बसले.

“हो सर,” ताई म्हणाल्या. तोवर गाडी फाटकाबाहेर गेली होती.