मागच्या पायाची बोटं

केळापूर तालुक्यात वाघाची दहशत बसल्यापासून आमच्या तांड्यावरचं कुणीही शेतात एकटं वाकत नाही. खाली बसलेला माणूस वाघाला जनावर वाटतो, असं सगळे मानतात. म्हणून एक जण निंदायला बसला की दुसरा उभा राहून राखण करतो आणि बोलत राहतो. आवाज येतो तोवर बसलेल्यानं निर्धास्त राहायचं.

मला तर बसण्याचंच काम होतं. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी आमच्या पडीक माळावरचा एक लहान, मातकट सरडा ओळखायचा होता. गळ्याला रंगीत पंखा असणाऱ्या सरड्यांपैकी तो असावा, असा माझा अंदाज. पण त्यांच्या मादीला तसा पंखा नसतो. मग खात्रीची खूण उरते ती मागच्या पायाची: बोटं पाच नाहीत, चार. फोटोत पाय गवतात लपायचे. पोटावर पडूनच बघावं लागणार होतं.

बा सोबत आला. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच, आणि शिक्षणासाठी जे मागितलं त्याला बानं कधी नाही म्हटलं नाही. तो काठी घेऊन, झुडपांकडे तोंड करून उभा राहिला. बैलाच्या खुराचं, बिघडलेल्या मोटरीचं बोलत राहिला.

सरडा दगडावर आला. मी हनुवटी मातीला टेकवली. मागचा पाय पोटाखाली होता. तो बाहेर येण्याची वाट बघत असतानाच बाचा आवाज थांबला.

मला हाक मारवेना. मागे काही सरकलं, की माझाच शर्ट? वळून काय दिसेल, या भीतीनं मान आखडली. घरी याडीला, माझ्या आईला, काय सांगू, एवढंच डोक्यात.

शेवटी वळलो. बा माझ्या मागेच उकिडवा बसून सरड्याकडे बघत होता.

"कायले बसला बा?"

"तू एवढं काय पाहून राह्यला, म्हटलं मीबी पाहावं."

दोघंही खाली. माळावर उभं कुणीच नव्हतं. मी हळूच त्याची काठी घेतली, उभा झालो, झुडपांकडे तोंड केलं. एक पानही हलत नव्हतं, त्याचीच जास्त भीती वाटली.

"बा, मागच्या पायाची बोटं मोज. ऐकू येईल असं मोज."

तो मोजू लागला. चारवर त्याचा आवाज थांबला आणि मी लगेच वळून पाहिलं.

"बस," तो म्हणाला, "चारच हायेत."