कुलूपबाईंची सहा वर्षांची चूक

नगरपालिकेच्या हिशेब खात्यातल्या हेडक्लार्क बाईंना सगळे कुलूपबाई म्हणत, आणि ते काही उगाच नाही. जुन्या बाजाराचा पट्टा नव्यानं बांधायला पालिकेनं कर्जरोखे काढले, तेव्हा करार झाला: त्या पट्ट्यातली घरपट्टी जेवढी वाढेल, तेवढी वाढ कर्जफेडीसाठी तारण. ती वेगळ्या खात्यात टाकायची आणि त्या खात्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवायचा, हे काम बाईंचं. नगराध्यक्षांनी एकदा कारंजं बांधायला त्यातून उसने मागितले, तर बाईंनी त्यांना चहा पाजून रिकाम्या हातानं परत धाडलं.

यंदा मात्र अगदी गळ्याशी आलं. पालिकेची तिजोरी आटली आणि सफाई कामगारांचा पगार दहा दिवस रखडला.

"त्या खात्यात पैसा मावत नाही आणि आमच्या घरी चूल पेटत नाही," मुकादम टेबलावर हात टेकून म्हणाला. "बाई, काळीज आहे का तुम्हाला?"

"काळीज आहे हो, पण तो पैसा आपला नाही."

बोलून गेल्या खऱ्या, पण त्याचा शब्द जिव्हारी लागला. निदान नेमकं कलम तरी दाखवावं म्हणून त्यांनी कराराची प्रत काढली. त्या पैशाला हात लावला तर काय दंड, ते पान त्यांना तोंडपाठ होतं. त्याच्या पुढचं पान मात्र त्या आजच वाचत होत्या. तिथं स्वच्छ लिहिलं होतं: वर्षाचा हप्ता भरून, पुढच्या हप्त्याएवढी रक्कम राखून जे उरेल, ते पालिकेचं. फक्त दरवर्षी बँकेकडे अर्ज करायचा.

सहा वर्षांत एकही अर्ज गेला नव्हता! नवीनच सवलत मिळाली, असं सांगून बाईंना वेळ मारून नेता आली असती. पण तो त्यांचा पिंडच नव्हे. त्या तडक नगराध्यक्षांच्या खोलीत गेल्या. मुकादम तिथं तावातावानं भांडत होता.

"चूक माझी आहे," म्हणत बाईंनी ते पान पुढं ठेवलं.

नगराध्यक्षांनी ते दोनदा वाचलं. चेहरा उजळला. "म्हणजे आपलं कारंजं..."

"आधी पगार!" बाई आणि मुकादम एका सुरात ओरडले.

मग मुकादमालाच हसू फुटलं. "बरं झालं बाई, अर्ज केला नाहीत ते. नाहीतर हे पैसे केव्हाच पाण्यात गेले असते."

बँकेनं चौथ्या दिवशी पैसे सोडले, त्याच दुपारी पगार झाले.

"आज स्वारी भलतीच खुशीत?" संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं.

"अहो, सहा वर्षं मी चुकत होते!" बाई म्हणाल्या, आणि अशा काही आनंदानं म्हणाल्या, की नवऱ्याला वाटलं, हिला बढतीच मिळाली.