देवीच्या दातातली खाच

आत्याची कवळी बेसिनमध्ये पडून दुभंगली, म्हणून मी कवळ्या करणाऱ्या काकांकडे पहिल्यांदा गेले. दातांच्या दवाखान्याच्या मागे, जिन्याखाली त्यांची खोली. एक बाक, एक घासायचं मशीन, फळीवर पन्नासेक प्लास्टरचे जबडे. डॉक्टर मापं पाठवत, काका कवळ्या करून पाठवत. माणसं त्यांना दिसत नसत. जबडे मात्र पाठ असत.

त्यांनी तुकडे उजेडात धरले. "आत्याबाई डाव्या बाजूनंच चावतात. आणि लोकांना टोचून बोलतात."

"हे दातांवरून कळतं?"

"पहिलं दातांवरून. दुसरं तुझ्या चेहऱ्यावरून." मग म्हणाले, "शिकलीस काय?"

"साहित्यात पदवी."

"मग बस जरा. देवींमधलं काही कळतं का बघू."

प्लास्टरच्या पोत्यामागून त्यांनी एक जाडजूड पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर तलवार आणि आग ओकणारं काहीतरी. मी ओळखलं. वर्गातली निम्मी मुलं ही मालिका वाचायची आणि मी नाक मुरडायचे. सहा खंड आले होते, शेवटचा यायचा होता. साठीला टेकलेला माणूस, नखांत प्लास्टर, आणि हे पुस्तक. मला काही कळेना.

त्या गोष्टीतल्या जगात तीन प्राचीन देवी आहेत. पेरणारी, विणणारी आणि उपाशी. विणणारीला बाकीच्या दोघींनी मारलं, असं पुजारी सांगतात. चाहत्यांमध्ये मात्र दोन तट. ती खरंच मेली का? यावरून लोक इंटरनेटवर एकमेकांची उणीदुणी काढत होते.

"मेलेली नाही," काका म्हणाले. "दुसऱ्या खंडात उपाशी देवीची मूर्ती आहे. तोंड उघडं. वरच्या पुढच्या दाताला खालून खाच. ही खाच मी चाळीस वर्षं बघतोय. दातानं धागा तोडणाऱ्यांना पडते. जी सदा उपाशी, तिला धागा कशाला लागतो? तीच विणणारी. नाव बदलून बसलीय."

मी सहा सत्रं मिथकं शिकले होते. देवीच्या तोंडात कधी डोकावले नव्हते.

ही थिअरी त्यांच्या लेकीनं चाहत्यांच्या ग्रुपवर टाकली होती. हजारो लोकांनी वाचली. खाली तिनं लिहिलं होतं, माझ्या बाबांची.

काका दहावी नापास. मेव्हण्यानं मेण वितळवायला बसवलं, ते बसलेच. लेक दूरच्या शहरात नोकरीला. तिची आई होती तोवर फोन आईकडेच असायचा. काका लांबून "मी बरा आहे म्हणून सांग" एवढं ओरडायचे. आई गेली आणि फोन त्यांच्या हातात आला. जेवलीस का? हो. तुम्ही? हो. ठेवू? दोन मिनिटांत कारभार आटपायचा. मग एका सुट्टीत लेक पहिला खंड घरी विसरून गेली. काकांनी तो वाचला. पुढचे मागवले. आता दर रविवारी अकराला फोन वाजे आणि दीड तास चाले.

"तुम्हाला या देवी एवढ्या आवडतात?" मी एकदा विचारलं.

"मला रविवार आवडतो."

मी जात राहिले. आत्या म्हणाली, "माझी कवळी तर केव्हाच आली. आता तू कुणाचे दात आणायला जातेस?"

परवा-परवा चाहत्यांचा मेळावा ठरला. लेक तिथे मंचावर उभी राहून ही थिअरी मांडणार होती. काकांनी सगळे खंड माझ्या पिशवीत कोंबले. "एकदा नजर टाक. तिला कुणी तोंडावर पाडायला नको."

चौथ्या खंडात, पान तीनशे बारावर, एक ओळ होती. यात्रेकरू उपाशी देवीच्या दाताला धागा बांधतात आणि इच्छा पुरी झाली की तो ओढून तोडतात.

मी ओळ पुन्हा वाचली. म्हणजे खाच देवीनं पाडलेली नव्हती. लोकांनी पाडली होती. मूर्ती दगडाची होती. पण उघडं तोंड दिसलं की काकांना त्यात माणूसच दिसणार.

आणखीही काहीतरी होतं. त्याच पानात खुणेला गुलाबी मेणाची पट्टी घातली होती. कवळीचं मेण.

दुसऱ्या दिवशी मी खोलीत गेले. मेळाव्याला चार दिवस होते. "काका, पान तीनशे बारा."

मशीन थांबलं नाही. "हं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पाच महिने झाले."

"मग तिला सांगितलं का नाही?"

त्यांनी दातांवरची भुकटी फुंकली. "सांगितलं की विषय संपला. जेवलीस का, ठेवू का."

"पण कुणीतरी भर सभेत हे पान उघडणार. तिच्यासमोर."

"ते कळतं मला."

"आणि कळत होतं तर मला खंड का दिलेत? वर खुणेसकट?"

"तुम्ही साहित्यवाले फार प्रश्न विचारता." त्यांनी मशीन बंद केलं. हात प्लास्टरनं भरलेले, म्हणून फोन मला लावायला सांगितला. स्पीकरवर.

"बाबा? आज बुधवार आहे. काय झालं? बरे आहात ना?"

"बरा आहे. चौथा खंड जवळ आहे? तीनशे बारा काढ."

पानं उलटल्याचा आवाज आला. मग ती ओळ तिनं पुटपुटत वाचली.

"मला पाच महिन्यांपासून ठाऊक आहे," काका म्हणाले. "चूक माझी. दगड होता. मी दात समजलो."

"पाच महिने? बाबा, मी वेड्यासारखी लोकांशी भांडत होते! तुमच्यासाठी!"

फोन बंद झाला.

काकांनी एक कवळी उचलली आणि ती आधीच चकचकीत असताना घासू लागले. बरं केलंत म्हणावं, की घाई केलीत? जावं, की थांबावं? मी बाकाला टेकून जबडे बघत राहिले.

वीस मिनिटांनी फोन वाजला.

"मी अजून चिडलेलीच आहे," लेक म्हणाली. "पण एक सांगा. धाग्यानं दगडाला खाच पडायला किती वर्षं लागतात?"

"मी दगडाचं काम करत नाही."

"अंदाजे हो! पुजारी म्हणतात, मंदिर शंभर वर्षांचं. शंभर वर्षांत एवढी खाच पडत नसेल, तर पुजारी खोटारडे. मग विणणारी मेली हे तरी कशावरून?"

काका तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघू लागले. मी त्यांच्याकडे.

"मेळाव्यात तुमची चूक सांगणार आहे मी," ती म्हणाली. "नावासकट. त्याच्या पुढे सांगायला काहीतरी द्या."

काकांनी फळीवरून एक जबडा उतरवला. कुणाचा होता कोण जाणे. खणातून दोऱ्याचं रीळ काढलं. दोरा पुढच्या दाताखाली धरून मागे-पुढे ओढायला लागले.

"प्लास्टर मऊ असतं," ते फोनला म्हणाले. "दगडाला किती, ते नंतर बघू. वेळ लागेल."

"लागू दे."

"पदवीधर," ते मला म्हणाले, "मोज."

मी मोजू लागले. एकशेचाळीसला लेकीनं विचारलं, "काही दिसतंय का?"

"अजून नाही," काका म्हणाले.

मी वाकून पाहिलं. दोरा त्यांनी सैलच धरला होता.