नळ आणि लस एकाच वेळी

आज लसीकरण केंद्रात तरुण डॉक्टरीण मला म्हणाली, "आंटी, या वस्तीतल्या बायकांना मुलांची पर्वाच नाही."

"त्यांच्याकडे पाणी किती वाजता येतं?" मी विचारलं. तिला ठाऊक नव्हतं.

मैत्रिणींनो, सत्तरच्या दशकात मी सुरतजवळच्या उधन्याच्या कामगार चाळींत नर्स होते. नळाला पाणी यायचं नेमकं आमच्या दवाखान्याच्या वेळेत. मुलांना टोचायला का आणत नाही, विचारलं तर एक खानदेशी आई म्हणाली, "बाई, पानी गयं ते पोरं काय पितीन? तुम्हीच या नं नळवर!"

मी सांगूनही दवाखान्याच्या साहेबांनी वेळ बदलली नाही. मग मीच लशीची पेटी नळाशी नेली. हंडे सरकवत बायकांनी पोरं टोचून घेतली.

वेळ ठरवताना आईला विचारायचं नाही, दोष मात्र तिलाच द्यायचा! तुमच्या दवाखान्याची वेळ कोणाच्या सोयीची आहे?