हेल्गाबाईंच्या दारात

दौंड स्टेशनासमोर माझं सायबर कॅफे होतं आणि त्याला लागून एसटीडी बूथ. तिथं बसून इतके धक्के पचवलेत की आता कुणी काहीही सांगितलं तरी "असेल बुवा" एवढंच तोंडातून निघतं.

आमचा दत्ता कुरकुंभला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. नव्या मशीनच्या ट्रेनिंगला जर्मनीला एकच जण जाणार, तोही जर्मन बोलणारा, असं साहेबांनी सांगितलं. तेव्हापासून शिफ्ट सुटली की दत्ता माझ्याकडे हजर. नेटवर त्याला हेल्गाबाई सापडल्या, रिटायर्ड शिक्षिका. त्या जर्मन शिकवणार, हा मराठी.

पहिल्याच दिवशी पठ्ठ्यानं आपुलकीनं विचारलं, वय किती, पेन्शन किती, मुलं किती, ती जवळ राहतात की नाही? आठवडाभर उत्तरच नाही. मग मेल आली, की हे माझ्या डॉक्टरनंही मला विचारलेलं नाही!

दत्ता हबकलाच. "आरं, इचारलं न्हाई तर वळख कशी व्हायची?"

*

शिरूरहून रिबेकाबाई यायच्या. मिशनच्या शाळेत शिकवायच्या. त्यांनी नेटवरच जमलेल्या आपल्या जर्मन मैत्रिणीला नाताळच्या करंज्यांचं वर्णन लिहिलं आणि विचारलं, तुम्ही चर्चला किती वाजता जाता? तिचं उत्तर आलं, लहानपणी एकदा गेले होते.

बाईंनी ती मेल दोनदा वाचली. "गोऱ्यांनी येऊन आमच्या पणजोबांना चर्चमध्ये नेलं," त्या म्हणाल्या, "आणि आता हेच जात नाहीत?"

*

एकदा दत्ताचे आजोबा, आबा, नातवाची मास्तरीण बघायला आले. उभा जन्म मेंढरांमागे गेलेला माणूस. स्क्रीनवर हेल्गाबाईंचा फोटो होता, पलंगावर पांढऱ्या चादरीत झोपलेला कुत्रा आणि शेजारी बाई. मुलगा त्याच गावात वेगळा राहतो, हे दत्तानं सांगितलं.

आबा स्क्रीनजवळ वाकले. "म्हंजी कुत्रं गादीवर आन् पोरगा भाईर?"

*

आणि दत्ताची निवड झाली! आबांनी हेल्गाबाईंसाठी घरच्या लोकरीचं घोंगडं दिलं. तिकडे पोचल्यावर पहिल्याच रविवारी दत्ता ते खांद्यावर टाकून त्यांच्या गावी गेला. आपल्या माणसाकडे कळवून कोण जातं? ऐन जेवणाच्या वेळेला, मुद्दाम उपाशीपोटी गेला. बाईंचा आग्रह मोडायला नको म्हणून.

बाईंनी दार उघडलं, त्याला ओळखलं, दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मग आत जाऊन डायरी घेऊन आल्या.

"गुरुवारी, चार वाजता," त्या म्हणाल्या. आणि दार लागलं.

रविवार असल्यानं गावातली दुकानंही बंद. दत्ता घोंगड्यासकट उपाशीच परतला. हे त्यानं मला दौंडला आल्यावर सांगितलं, तेही कुणी जवळ नसताना.

त्या रविवारी मात्र आबा दुपारपासून माझ्या बूथवर फोनची वाट बघत बसले होते. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून मी स्पीकर लावला.

"बाईकडं जेवलास का?" आबांनी विचारलं.

तिकडून दत्ताचा आवाज आला.

"पोटभर, आबा. उठूच दिईना बाई."